येऊरला बिबट्या दिसला, आता सोसायटीला पिंजरा हवाय

ठाणेकर_पायी
लोकहो, जरा सल्ला हवाय आणि तुमचे अनुभवही ऐकायचेत. रविवारी मी, मेहुणा आणि माझी मुलगी (पाचवीत आहे) येऊरला, म्हणजे बोरिवली नॅशनल पार्कच्या ठाण्याकडच्या जंगलात, सकाळी फिरायला गेलो होतो. उजाडलं होतं पण ऊन यायचं होतं. मेहुणा त्याच्या होमलोनचं पुराण सांगत होता, मी हो हो करत होतो, तेवढ्यात वरच्या झाडांवरनं वानरांचं घशातनं खाकरल्यासारखं सुरू झालं, एक थांबला की दुसरा. पोरगी म्हणाली बाबा ही का ओरडतायत, आणि पुढच्या वळणावर चाळीसेक पावलांवर बिबट्या डाव्या बाजूने रस्त्यावर आला. घाई नाही काही नाही. मध्यावर थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि उजवीकडच्या कारवीच्या झुडपांत गेला. शेपटीचं टोक वर वळलेलं होतं एवढं मला नक्की आठवतंय. मेहुण्याने मोबाईल काढेपर्यंत नुसती पानं राहिली होती, तो पानांचाच फोटो आहे.

आम्ही जागेवर उभे राहिलो आणि मग मागे फिरलो. मागनं पाच-सहा पोरं येत होती, ब्लूटूथ स्पीकरवर गाणी चालू. त्यांना सांगितलं पुढे बिबट्या आहे, आत्ता जाऊ नका, तर ती पोरं चक्क पळत पुढे गेली, मोबाईल वर धरून. "काका टेन्शन नका घेऊ" म्हणे. बिबट्यापेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली खरं सांगतो.

आता खरा प्रश्न. मेहुण्याने तो पानांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, संध्याकाळपर्यंत त्याचं "नरभक्षक बिबट्या वस्तीत शिरला" झालं, कुठलातरी भलत्याच गावचा व्हिडिओ त्याला चिकटला आणि कमिटी आता वनखात्याला पिंजरा लावा म्हणून पत्र देणार आहे. मीटिंगला मला साक्षीदार म्हणून बोलवलंय. काय बोलू?

खवट_खोबरं
पानांचा फोटो तरी टाका राव.

सह्यभटक्या
आधी अभिनंदन, आम्ही वर्षानुवर्षं फिरतोय आणि बहुतेक वेळा नुसते ठसे आणि विष्ठा बघून घरी येतो. वानरं ओरडत होती ती तुम्हाला बघून नव्हे. झाडावरच्या टेहळ्याला बिबट्या दिसला की तो असा खाकरतो, मग खाली चितळं कान टवकारून एकाच दिशेला बघत पाय आपटतात, भेकर असेल तर कुत्र्यासारखं भुंकतं. पुढच्या वेळी असा आवाज आला की जिथे आहात तिथेच थांबायचं, बोलणं बंद, आणि वानरांची तोंडं कुठे वळलीत ते बघायचं. तुमच्या मुलीचं कान देणं चांगलं आहे, तिला घेऊन जात जा.

पिंजऱ्याचं म्हणाल तर बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (1972चा) पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय असं ठरल्यावर. जंगलातल्या रस्त्यावरनं जंगली जनावर चाललं हे कारण होत नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर पिंजरा लागत नाही.

मुलुंडची_मावशी
अहो तुम्ही जंगलात गेलात म्हणून दिसला, आमच्याकडे तो स्वतः येतो! आमची बिल्डिंग डोंगराच्या अगदी पायथ्याला, कंपाउंडच्या पलीकडे नॅशनल पार्कच. सीसीटीव्हीत रात्री दोन-अडीचला भिंतीवरनं चालत जाताना दिसतो, मांजरीसारखा अगदी सावकाश. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्याकडे पण हेच पिंजरा पिंजरा सुरू झालं होतं. मग वनखात्याची माणसं येऊन बोलली, त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर कचरा कुठे टाकता. मागच्या गेटपाशी ओला कचरा साठायचा, त्यावर दहा-बारा कुत्री, आणि एक बाई रोज संध्याकाळी त्यांना चिकन-भात घालायच्या. बिबट्या आमच्यासाठी येतच नव्हता हो, कुत्र्यांसाठी येत होता. कचरा हलवला, मागे दोन दिवे लावले, भिंतीवरची झाडी छाटली. अजूनही दिसतो कधीमधी पण आता कोणी बोंबलत नाही. गार्ड मात्र शिट्टी वाजवत फिरतो बिचारा.

खवट_खोबरं
चिकन-भातवाल्या बाईंचं काय झालं?

मुलुंडची_मावशी
त्या भांडल्या. अजून बोलत नाहीत कोणाशी.

नियमित_वाचक
मला हे सगळं सहजीवन वगैरे ऐकायला छान वाटतं पण मी आरेजवळ राहतो. 2022च्या दिवाळीत आरेत बिबट्याच्या हल्ल्यात लहान पोरगी गेली, दीड वर्षाची सुद्धा नव्हती. त्या घरी जाऊन हे सांगा की बिबट्या कुत्र्यांसाठी येतो. टॉवरच्या बाराव्या मजल्यावरनं सीसीटीव्ही बघणं वेगळं आणि चाळीच्या दारात पोरं खेळवणं वेगळं. धोकादायक जनावर पकडायलाच पाहिजे, त्यात भावनांचा प्रश्न नाही.

सह्यभटक्या
तुमच्या मुद्द्याला मान आहे. त्या घटनेनंतर तिथे पिंजरे लागलेच आणि लागायलाच हवे होते. जो प्राणी माणसावर परत परत हल्ला करतोय त्याला ओळखून उचलणं आणि दिसला म्हणून उचलणं या दोन गोष्टींत फरक करा एवढंच माझं म्हणणं. कारण दुसरा प्रयोग आपण करून बसलोय. जुन्नर भागात 2001 ते 2003 मध्ये उसातले बिबटे धरून दुसऱ्या जंगलांत सोडले, आणि जिथे सोडले त्या बाजूला माणसांवरचे हल्ले वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं यावर मोठं काम आहे. बोरिवलीतही तेच, बाहेरचे पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जायचे आणि 2002 ते 2004 या काळात, त्यातही 2004च्या जूनमध्ये, किती माणसं गेली ते जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. होतं काय की सोडलेला बिबट्या अनोळखी जागी, पिंजऱ्याने बिथरलेला, परत आपल्या मुलखाकडे जायला बघतो. आणि इकडे त्याची जागा रिकामी राहत नाही, आठवड्या-महिन्यात दुसरा, बहुतेकदा तरणा, येऊन बसतो, ज्याला तुमच्या गल्लीबोळांची सवय नसते. ओळखीचा शेजारी घालवून अनोळखी आणल्यासारखं.

यातलं आजोबा नावाच्या बिबट्याचं उदाहरण तर भारी आहे. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला वयस्क नर, 2009 साली गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, तर पठ्ठ्या महिन्याच्या आत साधारण 120 किलोमीटर चालत, हायवे ओलांडत, खाडी पोहत मुंबईच्या अंगाला आला. वाटेत कोणाला ओरबाडलं सुद्धा नाही. 2011च्या डिसेंबरात हायवेवर गाडीच्या धडकेने गेला.

नियमित_वाचक
ठीक आहे, हे माहीत नव्हतं. पण तरी आमच्या बाजूला सार्वजनिक दिवे नाहीत, संडास लांब, त्याचं कोण बघणार? ते झाल्याशिवाय लोकांना समजुतीचे धडे देऊ नका.

वाडीवरचा_पोर
वरच्या दादांशी सहमत. मी आरेतल्याच एका पाड्यातला आहे. आमच्याकडे वाघोबाचं ठाणं आहे, शेंदूर लावलेलं, वाघबारशीला नारळ-कोंबडा करतो, आजी अजून बिबट्याला नावाने हाक मारत नाही. म्हणून काय आम्हाला भीती नाही असं नाही, शहरातले लोक येऊन आमच्यावर फिल्म करतात की आदिवासी आणि वाघ किती छान राहतात, आणि जाताना अंधारातच जातात कारण दिवे नाहीत. भीती आहे पण पद्धत पण आहे. दिवस मावळला की पोरं एकटी बाहेर नाही, संडासला जाताना दोघं आणि हातात टॉर्च-काठी, काठी जमिनीवर आपटत, मोबाईलवर गाणं लावून किंवा मोठ्याने बोलत. खाली बसलेला माणूस त्याला माणूस दिसत नाही, बुटकं जनावर दिसतं, लहान पोराचं पण तसंच. 2021ला त्या आजींचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, ओट्यावर बसायला गेल्या, मागनं बिबट्या आला आणि त्यांनी हातातल्या काठीनेच हाणला. आजी वाचल्या. बसलेल्या होत्या तेव्हा आला, काठी उगारली तेव्हा गेला, एवढं लक्षात ठेवा.

स्पीकरवाल्या पोरांबद्दल, मोठ्याने बोलणं रात्री घराच्या वाटेवर ठीक. सकाळी जंगलात जाऊन डीजे लावायचं काय काम.

बे_एरियातला_बंड्या
इकडे कॅलिफोर्नियात आमच्या घरामागच्या ट्रेलवर माउंटन लायनचे (इकडचं बिबट्यासारखं मोठं मांजर) बोर्ड आहेत आणि त्यावरचं जवळपास हेच आहे. पळू नका, पाठ फिरवू नका, हात वर करून जॅकेट पसरून मोठे दिसा, लहान मुलांना उचलून घ्या पण उचलताना पूर्ण खाली वाकू नका, सावकाश मागे सरका, अंगावर आलाच तर प्रतिकार करा. इतकी वर्षं राहून मला एकदाही दिसला नाही, आणि तुम्हाला रिक्षाने जाऊन दिसतो, जळजळ होते राव.

खवट_खोबरं
आला अमेरिकेचा बोर्ड. वाडीवरच्या पोराने तेच वर फुकटात सांगितलंय.

बे_एरियातला_बंड्या
अहो मी पण तेच म्हणतोय :)

पंचगंगेकाठी
आम्ही कोल्हापूरवाले. बिबट्याचं कौतुक तुम्हाला, आमच्याकडे गवा. राधानगरी-दाजीपूरकडनं उतरतो आणि थेट उसात. बिबट्या तुम्हाला टाळतो, गवा टाळेलच असं नाही, आणि आकार असा की तो शांत उभा असला तरी तुमचं पाणी होतं. एकटा नर दिसला की लांबनंच सलाम करायचा. फुसकारला, मान खाली घातली, अंग आडवं करून दाखवलं की समजायचं की तुम्ही आधीच जास्त जवळ आलाय.

पण गव्याचा विषय निघाला म्हणून, पुण्यात 2020च्या डिसेंबरात कोथरूडला गवा आला होता ते आठवतंय का? सकाळी सोसायट्यांत दिसला, मग जी गर्दी जमली, आरडाओरडा, मागे धावणं, गेटांवर धडका घेत तोंड फोडून घेतलं बिचाऱ्याने, आणि बेशुद्ध करून पकडल्यावर मेला. शे-दोनशे मोबाईल आणि एक जनावर. त्यानंतर थोड्याच दिवसांत बावधनच्या बाजूला दुसरा आला तेव्हा लोकांना लांब ठेवलं आणि तो परत जंगलात गेला. तोच महिना, तेच शहर. धागाकर्त्याने मीटिंगमध्ये हेच सांगावं असं मला वाटतं.

ठाणेकर_पायी
हे जबरदस्त आहे, नक्की सांगतो. आमच्याच ठाण्यात 2019ला मॉलच्या पार्किंगमध्ये बिबट्या शिरला होता तेव्हा पण बघ्यांना आवरणं हेच मोठं काम झालं होतं, माझ्या ऑफिसातले दोघं मुद्दाम बघायला गेले होते.

डॉक्टरीण_ट्रेकवाली
बिबट्याची एवढी चर्चा चालली आहे म्हणून जरा माझं घोडं दामटते. मी येऊर, नागला, बोरिवली सगळीकडे फिरते आणि मला भीती वाटते ती दोनच गोष्टींची. साप आणि मधमाश्या. पावसाळ्यात आणि नंतर ऑक्टोबरपर्यंत लोक फ्लोटर्स घालून गवतात शिरतात, दगडावर न बघता हात टेकतात, त्याच दगडापाशी घोणस वेटोळं करून पडलेली असते, वाळक्या पाचोळ्यात ती दिसतच नाही, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला तर नशीब तुमचं. बूट आणि जाड फुलपँट घाला, पाय टाकण्याआधी जागा बघा, इतकंच. चावलाच तर आवळपट्टी नाही, कापणं नाही, चोखणं नाही, साप मारून पिशवीत आणणं तर अजिबात नाही. माणसाला बसवा, अंगठ्या-कडी-घड्याळ काढा कारण सूज येते, चावलेला हातपाय फळीने स्थिर करा आणि 108ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष मिळणाऱ्या हॉस्पिटलला, म्हणजे सरकारी मोठं हॉस्पिटल धरून चाला. मांत्रिकाकडे वाटेत थांबलेले पेशंट मी बघितलेत, तो वेळ परत मिळत नाही.

आणि आग्या मोहोळ. कड्यावर किंवा उंच झाडाला काळी पट्टी लोंबताना दिसली की खाली बसून पोहे खायचे नाहीत, सिगरेट-शेकोटी नाही, भडक सेंट मारून जायचं नाही, दगड तर नाहीच. उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून सरळ लांब पळायचं, शक्यतो बंद गाडीत किंवा खोलीत. इथे पळायचं हं, बिबट्यासमोर नाही, उलटं करू नका.

खवट_खोबरं
पाठ करतो. बिबट्या - थांब. माशी - पळ. गवा - सलाम.

स्नेहल_पानोपानी
तुम्ही सगळे मोठ्या जनावरांवरच अडकलात. त्याच रस्त्यावर जरा मान वर केली तर पावसाळ्याच्या तोंडाला शीळकरी कस्तूर पक्षी ऐकू येतो, माणूस शीळ घालतोय असंच वाटतं, मी पहिल्यांदा मागे वळून शोधलं होतं कोण आहे. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक पाण्यापाशी येतो, नर असला तर मागे पांढऱ्या रिबिनी. सर्पगरुड तर ओरडून ओरडून सांगतो मी इथे आहे. आणि धागाकर्ते, तुम्ही ज्या कारवीचं लिहिलंय ती आठ वर्षांनी एकदाच फुलते, 2016ला फुलली होती आणि मग 2024ला. आता पुढच्यासाठी 2032 धरून बसा. फुलल्यावर मरते आणि बी खाली पडून परत सगळं रान एकदम उगवतं. बिबट्याला लपायला तीच दाट वाढ बरी पडते, म्हणजे कारवीच्या पट्ट्यातनं जाताना जरा सावध.

माकडांना खाऊ घालणाऱ्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं. कान्हेरीच्या रस्त्यावर लोक गाडी थांबवून वेफर्स देतात, मग तीच माकडं बायकांच्या पर्सवर झडप घालतात आणि वर म्हणतात माकडं माजलीत. माजवली कोणी?

मुलुंडची_मावशी
अगं माझ्या नातवाच्या हातातलं आईस्क्रीम कोनासकट नेलं, आणि त्याच्यासमोर बसून खाल्लं!

सुलट_उलट
मला एक कळत नाही. इथे सगळे म्हणतायत नॅशनल पार्कच्या 104 चौरस किलोमीटरमध्ये बिबटे मजेत आहेत. 2015ला कॅमेरा लावून मोजले तेव्हा 35 होते, आता पन्नाशी ओलांडलीय. चारी बाजूंनी दोन कोटी माणसं. किती दिवस चालणार हे? उद्या शंभर झाले तर?

सह्यभटक्या
शंभर होतील असं सरळ गणित नसतं, जागा आणि खाणं जेवढं तेवढेच टिकतात, बाकीचे हद्दीवरनं मारामारी करतात, मरतात किंवा उत्तरेला तुंगारेश्वर अभयारण्याच्या बाजूला सरकतात. आणि तिकडे जायचं तर मध्ये घोडबंदर रोड, हायवे, रेल्वे. म्हणजे संख्या वाढली यापेक्षा बाहेर पडायची वाट राहिली नाही हा प्रश्न मोठा. शिवाय पट्टेवाल्या पोटाला आपणच कुत्री पुरवतोय. उद्यानाच्या कडेला भटकी कुत्री हा त्यांच्या खाण्यातला मोठा वाटा आहे, तो कृत्रिम आहे. आत चितळ-सांबर आहेत पण कुत्रं पकडणं सोपं.

खवट_खोबरं
बिबट्याला ठिपके असतात हो, पट्टे नव्हे.

सह्यभटक्या
ठिपकेवाल्या. घ्या.

येऊरचा_जुना_रहिवासी
इतकी वर्षं इथे राहतोय, माझं एकच रडगाणं. शनिवार रात्री बंगल्यांमध्ये लग्नं-वाढदिवस, स्पीकर रात्री उशिरापर्यंत, टर्फचे फ्लडलाइट, खाली येताना गाड्यांचे हॉर्न. तक्रारी झाल्या, बातम्या झाल्या, थोडे दिवस शांत, परत तेच. मग रविवारी सकाळी तीच माणसं विचारतात की बिबट्या रस्त्यावर कसा आला. तो रस्त्यावर आला नाही हो, रस्ता त्याच्यावर आला. सोसायटीने पत्र लिहायचंच असेल तर ह्या आवाजाबद्दल लिहा, मी सही करतो.

ठाणेकर_पायी
मीटिंग काल झाली, म्हणून अपडेट. कोथरूडच्या गव्याचं सांगितलं, मुलुंडच्या कचऱ्याचं सांगितलं, कायद्याचं पण सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले मग पत्र कशाला लिहायचं. दोन काका शेवटपर्यंत पिंजऱ्यावर अडून बसले, एकांनी मला विचारलं तुझ्या पोरीला काही झालं असतं तर. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. शेवटी ठरलं ते असं: मागच्या भिंतीजवळचा कचऱ्याचा डबा हलवायचा, दिवा दुरुस्त, बिबट्या दिसल्यास ग्रुपवर न टाकता आधी 1926ला, म्हणजे वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन. नरभक्षकवाला मेसेज मात्र अजून फिरतोय, काल माझ्या पुण्याच्या आत्याने मलाच फॉरवर्ड केला.

पंचगंगेकाठी
आत्याला सांगा, साक्षीदार तूच आहेस म्हणावं.

नवखी_निसर्गात
सगळं वाचलं, मस्त धागा. मी कधीच जंगलात गेले नाहीये, डोंबिवलीला राहते. दोन मैत्रिणींबरोबर सुरुवात करायची तर कुठून करू? शिलोंढा ट्रेलचं नाव ऐकलंय, तिकडे थेट जाता येतं का?

स्नेहल_पानोपानी
थेट नाही, त्या ट्रेलला आधी परवानगी लागते आणि माहितगार माणूस बरोबर घ्यावा लागतो. बोरिवलीच्या मुख्य गेटजवळच निसर्ग माहिती केंद्र आहे तिथे चौकशी करा. नाहीतर गोरेगावला फिल्मसिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, त्यांच्या वाटा नवख्यांसाठी चांगल्या, फुलपाखरं भरपूर. मळकट रंगाचे कपडे, बूट, पाणी, दुर्बीण असेल तर. इअरफोन घरी ठेवा.

डॉक्टरीण_ट्रेकवाली
आणि सेंट नको.

नवखी_निसर्गात
डिओ पण नको का? ट्रेनने यायचंय हो.

डॉक्टरीण_ट्रेकवाली
बरं, डिओ मारा. मोहोळाखाली बसू नका म्हणजे झालं.